टायर मोठा केला म्हणून गाडीची पासिंग वाढत नाही!



आज थोडं लांबलचक लिहितोय. विषय आपल्या रोजच्या रस्त्यावरचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी तर वाचाच. ज्यांच्याकडे नाही पण जे पिकअपवाल्याकडून माल भरून घेतात, त्यांनी त्याहून जास्त लक्ष देऊन वाचा.

आपल्या चोपडा तालुक्यात पिकअप म्हणजे शेतकऱ्याचा उजवा हात. केळी, कापूस, मका, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, लग्नाचा मंडप, सगळं तिच्यावरच. आणि नवी गाडी दारात आली की आठ दिवसांत एक सल्ला हमखास मिळतो : "भाऊ, कंपनीचे टायर काढून टाक, एक नंबर मोठे टाक. मागे दोन पाटे वाढव. मग बघ, तीन टन बी आरामात ओढते."

ओढते, हे खरं आहे. इंजिन ओढतं. प्रश्न ओढण्याचा नाहीच. प्रश्न थांबण्याचा आहे, वळण्याचा आहे, आणि काही झालं तर कोण भरणार याचा आहे.

आधी टायरचं गणित बघू. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. हे सुद्धा टायरमध्ये ठरलेली हवा असेल तरच. आता समजा मागे १०६ चे टायर होते, ते काढून ११२ चे टाकले. मागच्या दोन टायरांची मिळून ताकद १९०० वरून २२४० किलो झाली. म्हणजे ३४० किलो वाढली. बरोबर?

बरोबर, पण फक्त टायरची. एक्सल तोच आहे. हबचं बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चेसी तीच, चाकाचे बोल्टही तेच. साखळीतली एक कडी जाड केली म्हणून सगळी साखळी जाड होत नाही. आधी टायर फुटून इशारा मिळत होता, आता टायर टिकतो आणि एक्सल तुटतो, नाहीतर रिमला तडा जातो, एवढाच फरक. पाटे वाढवल्यावर तर गाडी मागून बसलेलीही दिसत नाही. म्हणजे ओव्हरलोड झालाय हे डोळ्याला दाखवणारी एकच खूण होती, ती पण आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

दुसरं, उंचीचं गणित. समजा टायरची उभी उंची ७०० मिलिमीटर होती, ती ७५० केली. साधारण ७ टक्के वाढ. यातून काय काय होतं बघा :

१) मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी खरी ६४ ने पळत असते. किलोमीटर कमी पडतात, म्हणून सर्व्हिसिंगही उशिरा होते.

२) ब्रेकने चाकाला तेवढाच जोर लावला तरी मोठ्या चाकामुळे रस्त्यावर तो जोर तेवढ्याच टक्क्यांनी कमी पोचतो. आणि हे आपण कधी करतो? गाडीत माल जास्त असतो तेव्हा!

३) पहिल्या गिअरची ओढ कमी होते. भरलेली गाडी चढावर किंवा शेताच्या बांधावरून उचलताना क्लच जळतो. "क्लचप्लेट लवकर जातेय" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी खाली वाकून टायर बघावेत.

४) गाडी अडीच सेंटीमीटर वर उचलली जाते, वर पाटे वाढवले तर अजून वर. त्यात केळी किंवा कापूस हौद्याच्या वर रचलेला. अशी गाडी वळणावर किती लवकर कलते हे ड्रायव्हर लोकांना मी सांगायला नको.

५) पूर्ण स्टिअरिंग वळवलं की पुढचा मोठा टायर आत घासतो. घासलेल्या टायरची बाजू कमजोर होते, आणि बाजूने फुटलेला टायर सावरायला वेळ देत नाही.

यात आपला उन्हाळा मिळवा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. जास्त वजनाने टायरची बाजू सतत दबते-सुटते, आतून तापते. खालून डांबर तापलेलं. त्यात पैसे वाचवायला टायर जुना, रबर चढवलेला असेल तर बघायलाच नको.

आणि वजन दीडपट झालं की त्याच वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला दीडपट काम करावं लागतं. हे कोणत्याही मिस्तरीला बदलता येत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली : परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४ : केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही.

गैरसमज नको. कंपनीने तुमच्या मॉडेलला जी मापं मंजूर केली आहेत त्यातला, चांगल्या प्लायचा, योग्य लोड इंडेक्सचा टायर टाकायला कोणीच अडवत नाही. उलट टाकाच. मी बोलतोय ते पासिंग दीड टनाची आणि माल तीन टनांचा, हे जुळवण्यासाठी केलेल्या जुगाडाबद्दल.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, "झालं, आता हा पण गरीब ड्रायव्हरच्या मागे लागला." नाही मंडळी. माझा मुद्दा नेमका उलटा आहे.

पिकअपवाला हौसेने टायर मोठे करत नाही. एक तर आपले शिवाररस्ते. पावसाळ्यात काळ्या मातीत केळी काढायला गाडी आत न्यायची तर ती पोटावर बसते. म्हणून उंची हवी असते, ही अडचण शंभर टक्के खरी आहे. दुसरं म्हणजे भाडं. भाडं ठरतं खेपेवर, वजनावर नाही. गाडीत दीड टन असो की तीन टन, खेपेचा भाव जवळपास तोच. मग माल भरणारा म्हणतो, "तो पलीकडचा तीन टन नेतो, तुला काय झालं?" घरी बँकेचा हप्ता, डिझेलचे भाव माहीतच आहेत. ड्रायव्हर नाही म्हणाला तर उद्यापासून फोन येणं बंद. मग तो टायरवाल्याकडे जातो. टायर मोठे होतात ते असे.

म्हणजे फायदा माल पाठवणाऱ्याचा, दोन खेपांचं काम एका खेपेत. खर्च गाडीमालकाचा : टायर, क्लच, बेअरिंग, पाटे. आणि जीव कोणाचा? ड्रायव्हरचा आणि मालावर बसलेल्या मजुरांचा.

किनगाव आठवा. १५ फेब्रुवारी २०२१, मध्यरात्रीनंतरची वेळ. पपई भरलेला ट्रक आपल्या याच चोपडा-यावल रस्त्यावर किनगावजवळ उलटला. रावेर तालुक्यातले मजूर त्यात होते, किमान १५ जण गेले. एकेका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं. तो ट्रक होता, पिकअप नव्हती, आणि तिथे टायरचा दोष होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की आपल्याकडे फळांचा माल कसा जातो आणि त्या मालावर कोण बसून जातं, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. चार दिवस हळहळ झाली. आज संध्याकाळी अडावद-धानोरा रस्त्यावर उभं राहून बघा, मालावर माणसं दिसतात की नाही.

आता खरी गंमत सांगतो. ओव्हरलोड पकडायला आरटीओचं पथक जळगावहून येण्याची वाट बघावी लागते, असं आपण समजतो. पण वजन तर रोज होतंय! जिनिंगला कापूस घेऊन गाडी गेली की आधी भरलेली गाडी काट्यावर, मग खाली करून रिकामी गाडी काट्यावर. दोन्ही आकडे पावतीवर छापलेले. मक्याचं तेच. केळीचं वजन झाल्याशिवाय शेतकऱ्याला पैसे मिळत नाहीत. म्हणजे कोणत्या गाडीत किती माल होता हे काटावाल्याला माहीत, व्यापाऱ्याला माहीत, शेतकऱ्याला माहीत. आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, दोन्हींतला फरक म्हणजे ढोबळमानाने पासिंग. पावती आणि आरसी शेजारी ठेवली की विषय संपला. पण शेजारी ठेवायच्या कोणालाच नाहीत.

आणि कायदा फक्त ड्रायव्हरला धरतो असंही नाही. कलम १९४ चे शब्द गाडी चालवणाऱ्याला, तसंच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू होतात. मग आजवर दंडाची पावती नेहमी स्टिअरिंगवरच्याच हातात का? माल भरून घेणाऱ्याच्या हातात का नाही?

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या :

एक, भाडं खेपेवर नाही, क्विंटलवर ठरू द्या. वाहतूकदार, व्यापारी आणि शेतकऱ्यांनी बसून हंगामाआधी दर ठरवावा. बाजार समितीने पुढाकार घ्यावा. जास्त भरायचं कारणच उरणार नाही, दुसऱ्या गाडीलाही काम मिळेल.

दोन, बाजार समिती आणि जिनिंगच्या काट्यावर पासिंगचा आकडाही पावतीवर छापा. नुसता छापला तरी पुष्कळ फरक पडेल, कारण मग "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही.

तीन, शिवाररस्ते. रस्ता नीट झाला तर निम्म्या लोकांना उंच टायरची गरजच पडणार नाही. आणि हे पण लक्षात घ्या, एक्सलवरचं वजन दीडपट झालं तर त्या चाकाने रस्त्याचं होणारं नुकसान साधारण पाचपट होतं, हा रस्तेबांधणीतला जुना ठोकताळा आहे. पिकअप एकटी रस्ता उखडत नाही, ट्रॉल्या आणि हायवा तिच्या पुढे आहेत. पण खराब रस्ता, म्हणून मोठा टायर, म्हणून जास्त माल, म्हणून अजून खराब रस्ता, हा चक्रीपाट्याचा खेळ कुठंतरी थांबवावाच लागेल.

चार, मालावर माणूस नको. मजुरांसाठी वेगळी गाडी करा. त्याचं भाडं मालाच्या हिशेबात धरा, केळीच्या भावात ते काही फार नाही.

आणि पिकअपवाल्या भावांना हात जोडून एकच सांगणं. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी आरसी आणि टायर बघतो, मग तुमच्याकडे बघतो. दावा अडकला तर कोर्टाच्या फेऱ्या तुमच्या नाहीतर तुमच्या घरच्यांच्या नशिबी. ज्याने तीन टन भरायला लावले तो त्या दिवशी फोन उचलणार नाही. जास्त माल वाहायचाच असेल तर जास्त पासिंगची गाडी घ्या, बाजारात आहेत. नाहीतर दोन खेपा करा आणि दोन खेपांचे पैसे मागा. एकट्याने मागितले तर मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. सगळ्यांनी मिळून मागितले तर द्यावेच लागतील, कारण केळी कापल्यावर ती कोणासाठी थांबत नाही.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, पण "काही होत नाही, भो" एवढंच लिहू नका. गाडीची पासिंग किती आणि शेवटची खेप किती क्विंटलची होती, हे दोन आकडे लिहा. मग बोलू.