कागदाच्या भरवशावर विमान

विमान उशिरा सुटलं की विमानतळावर तज्ज्ञांचं पीक येतं. ते बहुधा निरुपद्रवी असतं, कारण विमान हललं की तज्ज्ञता आपोआप ओसरते. पण परवा व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्वानांचं व्याख्यान ऐकायचा योग आला. या गृहस्थांची तज्ज्ञता जमिनीवरही टिकून होती. हँगरमधला मेकॅनिक, स्टोअरमधला तपासनीस आणि विमान सोडताना सही करणारा परवानाधारक अभियंता या तिघांनी मिळून विमान वाहतुकीच्या गळ्यात लोढणं बांधलं आहे, असा त्यांचा सिद्धान्त. श्रोत्यांत विमानाला हात लावलेला माणूस फारसा नसावा, कारण टाळ्या भरपूर पडल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक सुट्या भागाबरोबर प्रमाणपत्र येतंच. ते एकदा संगणकात नोंदवलं की झालं. मग तोच भाग स्टोअरमध्ये उलटून-पालटून बघायचा, बसवताना पुन्हा बघायचा, बसवल्यावर तिसऱ्याने बघायचा, हे कर्मकांड हवंच कशाला? माणूस चुकतो, यंत्रणा चुकत नाही. तपासणीने खर्च वाढतो, विमान खोळंबतं, प्रवासी चिडतात. शिवाय अपघात मोजकेच होतात, तेव्हा एवढी भीती बाळगायचं कारण नाही. उपाय? ब्लॉकचेन. हा शब्द त्यांनी अशा थाटात उच्चारला की बोल्ट तो ऐकून स्वतःच घट्ट बसतील.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. तपासणीला पैसे लागतात हे खरं, पण हवेत फुटलेल्या इंजिनाला किती लागतात ते त्यांनी एखाद्या विमा कंपनीला विचारावं. अपघात मोजके आहेत म्हणून तपासणी नको, असं म्हणणाऱ्याने ते मोजके कशामुळे आहेत याचाही विचार करावा. राहिले चिडलेले प्रवासी. चिडायला प्रवासी जिवंत असावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. ‘प्रमाणपत्र आहे ना, मग पुन्हा बघायचं कशाला?’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी हा कागद काय असतो ते पाहू. अमेरिकेत त्याला ८१३०-३ म्हणतात, युरोपात ईएएसए फॉर्म १, आपल्याकडे सीए फॉर्म १. भाग कोणी बनवला किंवा दुरुस्त केला, त्याचा पार्ट नंबर आणि सीरियल नंबर काय, तो नवा आहे की ओव्हरहॉल केलेला, आणि हे सगळं कोणाच्या सहीने सांगितलं जातंय, एवढं त्यावर असतं. टर्बाइनची डिस्क वगैरे ज्या भागांचं आयुष्य ठरावीक फेऱ्यांचं असतं, त्यांचा तर जन्मापासूनचा सगळा इतिहास लागतो. हा कागद मला नकोसा नाही. तो नसेल तर भाग विमानाच्या जवळही येता कामा नये. पण कागद आला म्हणजे भाग कळला, ही उडी विद्वानांची. सोनार पावती वाचून सोनं घेत नाही, कसोटीवर घासून घेतो.

लबाडी करणारा नेमकी कशाची नक्कल करतो? जेट इंजिनाचं पातं घरी बनवणं महाकठीण. फॉर्म बनवायला मात्र संगणक आणि निवांत दुपार पुरते. २०२३ सालचं लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीचं प्रकरण जगभर गाजलं ते याच कारणाने. ७३७ आणि ए३२० विमानांवर सर्रास असणाऱ्या सीएफएम५६ इंजिनांसाठी या कंपनीने हजारो भाग विकले, खोट्या प्रमाणपत्रांच्या जोरावर. ते भाग एकामागून एक नामांकित विमान कंपन्यांच्या इंजिनांत जाऊन बसले. कागद ठाकठीक दिसत होते. त्या काळातही संगणक होते, नोंदी होत्या, लेखापरीक्षणं होती. सगळ्या चाळण्यांतून हा माल खाली उतरला.

मग तो पकडला कोणी? पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीच्या देखभाल विभागातल्या माणसांनी. कंपनं शोषणारा एक छोटासा डॅम्पर हातात आला. कागद म्हणत होता नवा, आणि डॅम्परवर झीज दिसत होती. कागद आणि वस्तू यांचं जमेना, तेव्हा इंजिन बनवणाऱ्या साफ्रानकडे विचारणा झाली आणि प्रमाणपत्र बनावट असल्याचं उघड झालं. मग ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेतल्या नियामकांनी इशारे दिले, कंपन्यांनी आपापली इंजिनं उघडून भाग काढले, आणि ब्रिटनच्या सीरियस फ्रॉड ऑफिसने तपास हाती घेतला. या सगळ्या गडगडाटाच्या मुळाशी काय होतं? वस्तू हातात धरून बघणारी माणसं. विद्वानांच्या योजनेत पहिल्यांदा नारळ मिळतो तो त्यांनाच.

आणि ब्लॉकचेन काय करणार होती? एकदा लिहिलेली नोंद पुसता येत नाही, हा तिचा मोठा गुण सांगतात. ठीक. मग पहिलीच नोंद खोटी असेल तर खोटेपणाही पुसता येणार नाही. खोट्याला चिरंजीव करण्याची ही सोय विमानोड्डाणाच्या कामाची नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी कागद खोटाच असतो असंही नाही. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७ डोंगरावर आदळलं. त्याच्या अवशेषांतून भाग चोरीला गेले, आणि त्यांतले काही पुढे मायामीच्या बाजारात सापडले. ते भाग अस्सल होते, त्यांचे नंबरही अस्सल होते. फक्त ते एका भीषण धडकेतून आलेले होते. बारकोडच्या यंत्राने त्यांना सलामच ठोकला असता.

प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांचं उदाहरण तर ताजं आहे. २०२३ मध्ये कळलं की काही वर्षांच्या उत्पादनातल्या डिस्कसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्ध कण राहून गेले आहेत. भाग मूळ उत्पादकाचाच, कागद त्याचाच, सहीही त्याचीच. कुठे लबाडी नाही आणि तरी डिस्कला अकाली तडा जाण्याचा धोका. इंजिनं उतरवून, तपासून घ्यावी लागली आणि त्यापायी आपल्या देशातही डझनावारी विमानं उभी राहिली. खोळंबा कोणामुळे होतो हे विद्वानांनी यावरून ताडून पाहावं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची परंपरा आपल्याकडे जुनी असली, तरी ती हँगरमध्ये आणायची गरज नाही.

सगळे भाग अस्सल आणि सगळे निर्दोष असूनही विमान पडायच्या बेताला येऊ शकतं. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचं ए३३० टोरांटोहून लिस्बनला निघालं. काही दिवसांपूर्वीच त्याचं एक इंजिन बदललं होतं. आलेलं इंजिन जुन्या रचनेचं, त्यावर चढवलेली इंधनाची नळी नव्या रचनेची, हायड्रॉलिकची नळी जुन्याच रचनेची. दोन्ही आपापल्या जागी अस्सल, पण एकत्र आल्यावर एकमेकींना घासणाऱ्या. काम करणाऱ्या प्रमुख तंत्रज्ञाला शंका आली होती. संबंधित तांत्रिक पत्रक त्याला संगणकावर उघडता आलं नाही. विमान सोडायची घाई होती, काम पुढे रेटलं गेलं. अटलांटिकवर इंधन गळून दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते धूड तरंगत तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरवलं. ३०६ माणसं वाचली. इथे चूक झाली ती माणसाची शंका ऐकून न घेण्याची. न चुकणाऱ्या यंत्रणेचा संगणक त्या दिवशी मौनात होता.

या निमित्ताने एक जुना वाद आठवतो. काही वर्षांपूर्वी याच मताच्या मंडळींनी टूम काढली होती की, मधल्या थांब्यावर अभियंत्याची काय गरज, वैमानिकाने विमानाभोवती एक फेरी मारली की पुरे. मी तेव्हा विचारलं होतं की, टायरला चीर, पंखाखाली ओल आणि पॅनेलचा एक सैल स्क्रू एवढं बघायला बुद्धी लागत नाही हे मान्य, पण त्यापैकी काय घेऊन उडता येतं आणि काय घेऊन येत नाही हे ठरवायला काय लागतं? उत्तर मिळालं नाही. त्याऐवजी मला ‘जुन्या वळणाचा’ असं बिरुद मिळालं. ते मी आजवर आनंदाने मिरवतो. तोच वाद आता नव्या शब्दांचा शालू नेसून आलाय, एवढंच.

विद्वानांनी आपलं हुकमी उदाहरण शेवटासाठी राखून ठेवलं होतं. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं उड्डाण, बर्मिंगहॅमहून मालागा. चढत्या विमानाची कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि कॅप्टनसह सगळे वाचले. आदल्याच दिवशी पहाटे, रात्रपाळीत ती काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्टचा व्यास हवा त्यापेक्षा किंचित कमी होता, उरलेले सहा लांबीला तोकडे. ‘बघा, माणूस चुकला!’ असं म्हणून विद्वान विजयी मुद्रेने पाणी प्यायले.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ते मी सांगतो. ज्याने बोल्ट निवडले तो शिफ्टचा प्रमुख होता. काढलेल्या जुन्या बोल्टशी नव्यांची तुलना त्याने नुसत्या नजरेने केली. स्टोअरमधल्या माणसाने त्याला या कामाला कोणत्या मापाचे बोल्ट लागतात ते सांगितलं होतं. ते बरोबर होतं. शिफ्टप्रमुखाने ते बाजूला सारलं. काचेचं काम अत्यावश्यक जागांच्या यादीत नसल्याने दुसऱ्या कोणी ते तपासण्याचं बंधन नव्हतं, आणि कोणी तपासलं नाही. म्हणजे एक माणूस चुकला हे खरं, एका माणसाने चूक सांगितली हेही खरं, आणि तिसरा बघणारा माणूस व्यवस्थेने नेमलाच नव्हता. यातून माणसं कमी करण्याचा निष्कर्ष काढायचा म्हणजे ज्याने चूक सांगितली त्यालाच घरी पाठवायचं.

बनावट बोल्ट कुठवर नेतात तेही या व्याख्यानात आलं नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० ओस्लोहून हॅम्बुर्गला जाताना डेन्मार्कच्या किनाऱ्यापाशी समुद्रात कोसळलं. ५५ माणसं गेली, एकही वाचलं नाही. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट आणि त्यांच्या स्लीव्ह दर्जाहीन, बनावट निघाल्या. ते बसवण्याआधी कोणीतरी हातात घेतले असणारच. त्याला बघायला वेळ आणि साधनं मिळाली असती तर, हा प्रश्न मी विद्वानांसाठी सोडतो.

मग करायचं काय? माझी योजना दिपवणारी नाही. माल आत येताना तपासणाऱ्याला पुरेसा वेळ द्या, मोजमापाची आणि कठीणता तपासण्याची साधनं द्या. शंका आलेला भाग क्वारंटाइनमध्ये टाकला म्हणून त्याला कोणी जाब विचारता कामा नये. भंगारात काढलेला भाग पुन्हा कुणाला वापरता येणार नाही असा तोडून, कापून टाका. ज्या कामात चूक जीवघेणी ठरू शकते, तिथे दुसऱ्या डोळ्यांची तपासणी सक्तीची करा. संगणकही वापरा, नोंदीही ठेवा. त्या माणसाच्या हाताशी असाव्यात, त्याच्या जागी नकोत.

एक गोष्ट मात्र विद्वानांच्या सगळ्या यंत्रणेत नाही. विमान सेवेत सोडताना जी सही होते ती एका माणसाची असते, त्याच्या वैयक्तिक परवान्यावर असते, आणि चूक झाली तर तो परवाना जातो. संगणकाचा परवाना जात नाही, व्याख्यात्याचाही जात नाही. तेव्हा ज्याच्या सहीने विमान सुटतं, त्याला सही नाकारायचा पूर्ण हक्क हवा आणि तो वापरल्याबद्दल शिक्षा होऊ नये. एवढं आधी मान्य करा. ब्लॉकचेनचं मग बघू.