नम्र सूचना आणि एक कोयता

गलिव्हर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बोटभर उंचीच्या माणसांनी दोऱ्यांनी जखडून ठेवलेला, शाळेच्या वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकात भेटलेला. त्याचा लेखक जोनाथन स्विफ्ट. याच स्विफ्टने १७२९ मध्ये, 'गलिव्हर' आल्यावर तीनच वर्षांनी, एक छोटंसं पत्रक लिहिलं. ते मुलांच्या हाती कुणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मैत्रिणींनो, आपण मात्र ते जरूर वाचावं असं मला वाटतं.

स्विफ्ट हा आयर्लंडमधल्या डब्लिनच्या मोठ्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू. आयर्लंड तेव्हा इंग्लंडच्या टाचेखाली. जमिनी मूठभर जमीनदारांच्या, त्यातले कितीतरी इंग्लंडमध्ये बसून खंड उकळणारे. त्यात पिकं बुडालेली. कडेवर पोर, पदराला दोन पोरं अशा बायका डब्लिनच्या रस्त्यांवर भीक मागत. स्विफ्टने आधी सरळ भाषेत सांगून पाहिलं होतं. इंग्लंडचं कापड सोडा, आपल्या मागावरचं वापरा, असं त्याने १७२० मध्ये लिहिलं. (आपली स्वदेशी आठवली ना?) तर छापणाऱ्यावरच खटला!

मग आलं हे निनावी पत्रक, 'अ मॉडेस्ट प्रपोजल', म्हणजे 'एक नम्र सूचना'. त्यात बोलणारा गृहस्थ अगदी सभ्य. गरिबांच्या मुलांची त्याला फार काळजी. म्हणून त्याने उपाय शोधलाय: मूल वर्षाचं झालं की श्रीमंतांच्या पानात वाढण्यासाठी विकावं. हो, खाण्यासाठी! आपल्या अंगावर काटा येतो, पण गृहस्थाचा आवाज जराही चढत नाही. त्याचा हिशेब चोख आहे. वर्षाला गरिबांची १ लाख २० हजार मुलं जन्मतात. २० हजार पुढच्या पैदाशीला ठेवायची, उरलेली १ लाख बाजारात. पोसायला खर्च २ शिलिंग, किंमत १०, आईच्या हाती निव्वळ ८. कातड्याचे बायकांसाठी छान हातमोजे. कुळांचं धान्य आणि गुरंढोरं जप्त होऊन गेलीच आहेत, तेव्हा खंडापोटी द्यायला निदान हे तरी राहील!

मला सगळ्यात झोंबतो तो त्याने मोजलेला आणखी एक फायदा. नवरे म्हणे गरोदर बायकोला गाभण घोडीसारखं जपतील, लाथा मारणार नाहीत, कारण गर्भ पडला तर नुकसान. तिला लागतं म्हणून नव्हे हं, माल जाईल म्हणून.

आपल्याकडच्या मालिका-सिनेमांत मोलकरणीच्या बोलण्यावर, तिच्या खाड्यांवर हसायला लावतात. त्याला मी तरी उपहास म्हणणार नाही. गरिबावर हसवायला काय लागतं? स्विफ्टकडे उघडा पडतो तो वही उघडून बसलेला सभ्य माणूस. आणि तो माणूस काही आयर्लंडमध्येच राहत नव्हता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर सुटका नाही. खाडा झाला की दंड. पाळीत पोट दुखलं, खाडा. दवाखान्यात गेली, खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या पिशवी काढण्याचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात चाळिशीच्या आतल्याही कितीतरी. कुणाला कॅन्सरची भीती घातलेली, कुणाला खाडा परवडत नव्हता.

आता दोष कुणाचा, विचारून बघा. मुकादम म्हणणार, मी आगाऊ पैसे मोजलेत. कारखाना म्हणणार, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. ज्याचा त्याचा हिशेब बरोबर! स्विफ्टचा गृहस्थ या बैठकीत अगदी आरामात बसला असता. स्विफ्टला मुलं खाण्याची अघोरी गोष्ट रचावी लागली, इथे रचायला तेवढंही उरलेलं नाही.

गंमत म्हणजे तो गृहस्थ खरे उपायही सांगून जातो. परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, आपल्याच देशातला माल वापरा, कुळांवर थोडी दया करा. आणि लगेच बजावतो, की असलं काही माझ्यापुढे कुणी बोलू नये, कारण ते कधी कुणी मनापासून करणार नाही. फडातले उपायही कुणाला नवे नाहीत. बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या हातात, पाळीत आणि बाळंतपणात दंडाशिवाय सुट्टी, कोपीजवळ पाणी आणि संडास.