कळसूबाईहून उंचावर सोळा तास

मुलगी किंवा सून अमेरिकेत बाळंत होणार असल्याचे कळले की महाराष्ट्रातील अनेक घरांतले साठी ओलांडलेले आईवडील आयुष्यातल्या पहिल्या लांब विमानप्रवासाच्या तयारीला लागतात, आणि ही तयारी बहुतेक वेळा बॅगेपासून सुरू होऊन बॅगेपाशीच संपते. डिंकाचे लाडू, हळीव, खारीक, खोबरे, मेतकूट, बाळाची दुपटी असे सारे सामान तेवीस किलोंच्या मर्यादेत बसवण्यासाठी बॅग वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढवली जाते. त्याच विमानात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पंधरा-सोळा तास बसून राहणाऱ्या शरीराचा विचार मात्र निघण्याच्या दिवसापर्यंत कोणी केलेला नसतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी शरीर, मग हातातली पिशवी आणि कागदपत्रे, आणि सर्वांत शेवटी मोठ्या बॅगा, अशा क्रमाने तयारी केली तर पहिल्या प्रवासातील बहुतेक त्रास टाळता येतात.

प्रवासी विमान साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडते. तिथली हवा श्वासोच्छ्वासासाठी फारच विरळ असल्यामुळे विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. परंतु तो जमिनीवरच्या दाबाइतका कधीच नसतो. नियमानुसार आतला दाब ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ दिला जात नाही, आणि बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत तो सुमारे ६,००० फूट, म्हणजे १,८३० मीटर उंचीइतका राखला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजेच नव्यातल्या नव्या विमानातला प्रवासीसुद्धा प्रवासाचा बहुतेक काळ कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच ठिकाणची हवा घेत असतो. निरोगी माणसाला यातून फारसे काही जाणवत नाही, कारण रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडेसेच घटते. मात्र ज्यांना दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन बरेच कमी आहे, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करताना आत वायूचा फुगा सोडलेला आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांची परवानगी घेतली पाहिजे. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा धोका विशेष गंभीर आहे, कारण दाब कमी झाला की बंदिस्त वायू प्रसरण पावतो आणि डोळ्याच्या आत जागा नसल्यामुळे दृष्टीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. याच कारणाने पोटातला वायूही फुगतो, म्हणून निघण्याच्या दिवशी निरोपाचे जेवण कितीही आग्रहाचे असले तरी पावटे, छोले, राजमा आणि सोडा असलेली पेये टाळलेली बरी.

आतल्या हवेत आर्द्रता अत्यल्प असते. ती बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत आयुष्य गेलेल्या माणसाचे ओठ, डोळे आणि नाक त्यामुळे काही तासांतच कोरडे पडतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे थोडे थोडे पाणी सतत पीत राहणे. आणि नेमका हाच उपाय ज्येष्ठ प्रवासी, विशेषतः स्त्रिया, जाणूनबुजून टाळतात. कारण असते स्वच्छतागृहाची धास्ती. ही धास्ती कोणी बोलून दाखवत नाही आणि मुलेही तिच्याविषयी विचारत नाहीत, म्हणून तिचा इथे तपशिलाने विचार करणे गरजेचे आहे. विमानातील स्वच्छतागृहाचे दार बहुधा घडीचे असते, त्यामुळे त्याला मुठीने ओढून उपयोग नसतो. मध्यभागी हलकेच दाबले की ते आत दुमडते. आत गेल्यावर कडी पूर्ण सरकवेपर्यंत मोठा दिवा लागत नाही, म्हणून अंधुक उजेड पाहून घाबरण्याचे कारण नाही. पाणी सोडण्याचे बटण दाबल्यावर पाण्याच्या धारेऐवजी हवेच्या जोराने सारे खेचले जाते आणि मोठा आवाज होतो, तो यंत्राचा नेहमीचा आवाज आहे. जेट किंवा मग तिथे नसतो, फक्त कागद असतो. ज्यांना पाण्याशिवाय चालत नाही त्यांनी एक छोटी रिकामी बाटली जवळ ठेवून बेसिनच्या नळावर भरून घ्यावी, मात्र त्या नळाचे पाणी पिऊ नये. जागा निवडताना खिडकीचा मोह सोडून मार्गिकेकडची खुर्ची घ्यावी, म्हणजे उठताना शेजाऱ्याची झोपमोड करण्याचा संकोच उरत नाही. नऊवारी किंवा पाचवारीऐवजी सलवार-कमीज वापरण्याचा सल्ला अनेक मुली आईला देतात आणि तो सोयीचा आहे; परंतु ज्या स्त्रीने तो पोशाख कधी वापरलेला नाही तिने प्रवासाच्या दिवशी प्रथमच तो घालण्यापेक्षा आधी महिनाभर घरात वापरून पाहावा हे बरे.

न उठण्याचा परिणाम कोरड्या घशापुरता मर्यादित राहत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळले आणि सैल सोडले जातात व त्यामुळे पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते; तासन्‌तास गुडघे मोडून बसल्यावर ही क्रिया थांबते आणि पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता निर्माण होते. वैद्यकात या विकाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, आणि ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर ती जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी प्रत्यक्षात सुमारे सहा हजारांत एकालाच तो विकार होतो. तेव्हा घाबरून प्रवास टाळण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांचा कर्करोगावर उपचार चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून दाब देणारे मोजे वापरावेत. इतरांनी जागे असताना तास-दीड तासाने उठून मार्गिकेत एक फेरी मारावी आणि बसल्या जागी पावले वरखाली करत राहावीत. सलग झोप लागावी म्हणून झोपेची गोळी घेणे मात्र टाळावे, कारण त्या गुंगीत माणूस तासन्‌तास हालचालच करत नाही.

रोजची औषधे मोठ्या बॅगेत टाकणे ही दुसरी सर्रास होणारी चूक आहे. बॅग एक दिवस उशिरा पोहोचली तर रक्तदाबाची गोळी चुकते, आणि इन्सुलिन सामानकक्षातील थंडीत गोठून निकामी होऊ शकते. म्हणून किमान पहिल्या आठवड्याची औषधे आणि सगळे इन्सुलिन मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावे. याच पिशवीत चष्मा, स्वेटर, पासपोर्ट आणि मुलाचा पत्ता व फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण फोनची बॅटरी संपली की फोनमधली सारी माहिती निरुपयोगी ठरते. पॉवर बँक केवळ हातातल्या पिशवीतच चालते; ती मोठ्या बॅगेत सापडल्यास बॅग उघडावी लागते.

जेवणाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. विमान कंपन्यांच्या यादीत ‘हिंदू मील’ नावाचा जो पर्याय असतो तो शाकाहारी असेलच असे नाही. त्यात गोमांस नसते, पण कोंबडी, मटण किंवा मासे असू शकतात. शाकाहारी प्रवाशाने ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ हा पर्याय निवडावा आणि तो उड्डाणाच्या किमान एक-दोन दिवस आधी नोंदवावा.

आता मोठ्या बॅगेकडे वळता येईल. बाळंतिणीसाठी घेतलेल्या वस्तूंपैकी काही नेमक्या प्रवासात अडचणीच्या ठरतात. सुक्या खोबऱ्यातील तेलाचे प्रमाण आणि त्यामुळे पेट घेण्याचा धोका लक्षात घेऊन भारताच्या नागरी विमान सुरक्षा विभागाने मार्च २०२२ मध्ये ते चेक-इन सामानात नेण्यास मनाई केली. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलायचे असेल तर खसखस आणि खसखशीवर थापलेले अनारसेही घरीच ठेवावेत. लोणचे, तूप आणि श्रीखंड सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ धरले जातात व हातातल्या पिशवीत शंभर मिलीलिटरपेक्षा मोठ्या डब्यातून नेता येत नाहीत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून ३५० मिलीलिटरहून अधिक पूड हातात असल्यास तिचीही वेगळी तपासणी होते, म्हणून मेतकूट आणि मसाले मोठ्या बॅगेत ठेवावेत. हापूस आंब्याचा मोह तर पूर्ण सोडावा. भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो, पण कोयीतील भुंगा आणि फळमाशी यांचा प्रसार रोखण्यासाठी लासलगावसारख्या केंद्रांत त्याच्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच. प्रवाशाच्या पिशवीतला आंबा सीमाशुल्क विभाग काढून घेतो. जे खाद्यपदार्थ न्यायचे ते सगळे तिथे जाहीर करावेत. जाहीर केलेला पदार्थ नाकारला गेला तर तो टाकून देऊन पुढे जाता येते, लपवलेला सापडला तर दंड भरावा लागतो. न्यू जर्सीच्या एडिसनसारख्या गावांतील भारतीय दुकानांत डिंकापासून खोबऱ्यापर्यंत बहुतेक सारे मिळते, हे मुलांनी आईला वेळीच सांगितले तर ती अर्धी बॅग रिकामी ठेवू शकेल.

मध्ये विमान बदलायचे असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत; पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी तेव्हाच कंपनीवर येते. थोडे पैसे वाचवण्यासाठी आईवडिलांना दोन स्वतंत्र तिकिटांवर पाठवणे अजिबात योग्य नाही. व्हीलचेअरविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. चालता येत असूनही अनेक ज्येष्ठ ती मागतात, कारण त्यांना खरी भीती इंग्रजी पाट्यांची आणि चुकीच्या दाराशी पोहोचण्याची असते. ही भीती रास्त आहे, परंतु त्यामुळे ज्यांना खरोखर चालता येत नाही ते ताटकळत राहतात, आणि पंधरा तास बसलेल्या पायांना विमानतळावरची चाल हवीच असते. विमान कंपन्यांनी ज्येष्ठांसाठी केवळ वाट दाखवणारा सोबती स्वस्तात उपलब्ध करून दिला तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. ती व्यवस्था होईपर्यंत, जिथे अशी सशुल्क सेवा आहे तिथे मुलांनी तिच्यासाठी पैसे मोजावेत.

अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावरच स्वतःच्या बॅगा ताब्यात घेऊन, पुढचे देशांतर्गत विमान असल्यास, पुन्हा जमा कराव्या लागतात; अबुधाबीत अमेरिकी अधिकाऱ्यांकडून आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांना हे करावे लागत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत तो ठरवत नाही. ती प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो, ती बहुधा सहा महिन्यांपर्यंतची असते आणि आय-९४ या नोंदीत दिसते. पोहोचल्यावर मुलांनी ती नोंद लगेच पाहून तारीख लिहून ठेवावी.

न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. शरीरातले घड्याळ मात्र भारताचेच राहते आणि रोज साधारण तासाभरानेच सरकते, त्यामुळे पहिले काही दिवस भर दुपारी पापण्या जड होतात आणि पहाटे दोनला लख्ख जाग येते. या घड्याळावर सर्वाधिक परिणाम उजेडाचा होतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर थांबवून संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर चालले तर ते लवकर जुळते. रात्री जाग्या असणाऱ्या आजीकडे पहिल्याच आठवड्यात बाळाची रात्रपाळी सोपवणे सोयीचे वाटते, पण मग तिची झोप महिनाभर रुळावर येत नाही. परतीचा प्रवास पूर्वेकडे होतो आणि त्या दिशेला शरीर अधिक हळू जुळवून घेते, म्हणून भारतात उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात लग्नकार्य, लांबची मोटारयात्रा किंवा डॉक्टरांकडच्या महत्त्वाच्या तपासण्या ठेवू नयेत.