यंत्र घेण्याआधी वाळू आणि राख ओळखा

मातीच्या विटेऐवजी चुना-वाळूची किंवा चुना-राखेची वीट काढावी, हा विचार आता जुन्नर-आंबेगावच्या वीटधंद्यातील बांधवांपर्यंतही पोहोचला आहे. विचार चांगला आहे. पण बहुतेक जण चौकशी करतात ती दाबयंत्राच्या किमतीची. आमच्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. या विटेचे भवितव्य यंत्रापेक्षा कच्चा माल ठरवतो.

चुना आणि सिलिका यांचा ओलाव्यात संयोग होऊन कॅल्शियम सिलिकेट तयार होते. विटेला धरून ठेवते ते हेच. पण सिलिका सगळी सारखी नसते. गारगोटीच्या वाळूतील सिलिका स्फटिकरूप असते. साध्या हवेत ती चुन्याला दाद देत नाही. बंद टाकीत सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ दिली, तरच ती विरघळते आणि टोबरमोराइट नावाचे पातळ, मजबूत स्फटिक बनतात. वाळू फार जाड असेल तर चुना तसाच शिल्लक राहतो. तिच्यात माती जास्त असेल तर ॲल्युमिनामुळे दुसऱ्याच जातीचे स्फटिक वाढतात आणि बळ घटते. चुन्यात मॅग्नेशिया जास्त असेल तर तो उशिरा फुगतो आणि तयार विटेला तडे जातात.

आता आपल्या भागाकडे पाहू. सह्याद्रीचा दगड काळा, म्हणजे बेसॉल्ट. त्यात गारगोटी जवळजवळ नाही. म्हणून घोड-कुकडीची वाळू किंवा खडी क्रशरची भुकटी ही विटेत भर म्हणून चालेल, पण चुन्याशी संयोग पावणारी सिलिका म्हणून चालणार नाही. दुसऱ्या प्रांतातील कृती इथे जशीच्या तशी उचलली, तर भांडवल बुडाले म्हणून समजा.

मग उपाय काय? काचेसारखी, स्फटिक न बनलेली सिलिका साध्या तापमानातही चुन्याशी हळूहळू जुळते. आपले जुने गवंडी घाण्यात चुन्याबरोबर विटकर दळत, ते याचसाठी. कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा प्राचीन थर आहे. तीही अशीच काचमय आहे. मात्र तो थर संशोधकांचा ठेवा आहे, त्याला हात लावू नये. व्यवहारात उपयोगी पडेल ती औष्णिक वीज केंद्राची राख आणि भीमाशंकर, विघ्नहर यांसारख्या साखर कारखान्यांच्या भट्टीतील बगॅसची राख.

पण राख म्हणजे राख, असे समजू नका. बगॅस फार कडक आचेत जळले तर त्यातील सिलिकाही स्फटिक बनते आणि निरुपयोगी ठरते. आच कमी पडली तर काळा कोळसा उरतो, तो पाणी पितो. उसाबरोबर आलेली शेतातील माती वेगळीच. राख बारीक दळणे आणि प्रत्येक खेप तपासणे, याला पर्याय नाही.

आमची सूचना अशी. चार-पाच जणांनी मिळून खर्च उचलावा. प्रत्येक कच्च्या मालाच्या थोड्या विटा काढाव्यात, 28 दिवस ओल्या ठेवाव्यात आणि पुण्यातील एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत त्यांची दाबशक्ती व पाणी शोषण्याचे प्रमाण पाहावे. चुना-वाळूच्या विटेसाठी आय.एस. 4139 आणि राख-चुन्याच्या विटेसाठी आय.एस. 12894 ही भारतीय मानके आहेत. त्यांत बसली तरच यंत्राची ऑर्डर द्यावी.

भीमाशंकरच्या घाटमाथ्यावरचा पाऊस कच्च्या भिंतीला माफ करत नाही. गिऱ्हाईक वीट फोडून आतले स्फटिक पाहू शकत नाही, तो आपल्या शब्दावर माल घेतो. माप-तोलात सचोटी ठेवण्याची आपल्या दीनची शिकवण तराजूपुरती नाही, ती विटेच्या पोटातही लागू आहे. तपासलेला माल विकणारा सुरुवातीला थोडे कमी कमावेल, पण त्याची रोजी हलाल राहील आणि त्याचे नावही टिकेल.