पहिले साठ फूट

मित्राचा मुलगा मध्ये घरी आला होता. वय वर्षं १९, आणि नुकतीच सेकंडहँड मस्टँग जीटी घेतलेली. त्यामुळे स्वारी जमिनीवर नव्हतीच. "काका, आता इंजिन ट्यून करून घेतो, एक्झॉस्ट बदलतो. मग बघा!"

मी विचारलं, "आत्ता क्वार्टर माईलला किती सेकंद लागतात?"

"ते नाही माहीत. पण रात्री हायवेवर एका बीएमडब्ल्यूला आरामात मागं टाकलं."

झालं! माझं डोकं फिरलं. पण या वयात उपदेश ऐकला जात नाही हे स्वानुभवानं माहीत आहे, म्हणून म्हटलं, "खर्च करायच्या आधी एकदा माझ्याबरोबर ड्रॅग स्ट्रिपवर चल."

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टर माईल म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, मध्ये दिव्यांचा खांब. शेवटी हातात एक कागदाची स्लिप मिळते. माझ्या मते त्या स्लिपइतकं प्रामाणिक मत तुमच्या गाडीबद्दल (आणि तुमच्याबद्दल!) दुसरं कोणी देणार नाही.

तर आम्ही गेलो. पहिल्या फेरीत हिरवा दिवा लागला आणि चिरंजीवांनी पाय थेट खाली दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला, आवाज झाला, गाडी मात्र सावकाश निघाली. स्लिपवर आलं: पहिले ६० फूट २.५ सेकंदांत, एकूण १४.० सेकंद, शेवटचा वेग ताशी १०८ मैल.

"बघा ना काका, पॉवर कमी पडते."

नाचता येईना अंगण वाकडं! पॉवर कमी असती तर शेवटी १०८ चा वेग आलाच नसता. शेवटचा वेग मुख्यतः इंजिनाची ताकद सांगतो आणि पहिले साठ फूट सांगतात की त्या ताकदीतली किती तुम्ही जमिनीपर्यंत पोचवलीत. सुरुवातीला एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात, कारण त्या कमावलेल्या वेगाचा फायदा पुढच्या सगळ्या अंतरावर मिळत राहतो.

मग आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. (चार गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला तेच कळत नाही.) साधे रस्त्याचे टायर असतील तर पाण्याच्या डबक्यातून जायचंच नाही, बाजूनं वळसा घालायचा. नाहीतर टायरच्या खाचांतलं पाणी थेट सुरुवातीच्या रेषेवर येतं. चाकं कोरड्यावर जराशी फिरवून साफ केली की पुरे. मागच्या टायरमधली हवा थोडी कमी केली, घरी निघताना आठवणीनं पुन्हा भरली. आणि मुख्य म्हणजे क्लच. कमी आरपीएमवर हळुवार सोडायचा, गाडीचं वजन मागच्या चाकांवर येऊ द्यायचं, मग पाय दाबायचा.

"पण तोवर शेजारचा पुढं जाईल ना!"

"जाऊ दे. तुझं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, तुझी गाडी रेषेवरून हलली की सुरू होतं. तू कोणाशी घाई करतोयस?"

हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. सहाव्या फेरीला साठ फूट २.१ मध्ये, एकूण १३.४. शेवटचा वेग १०९, म्हणजे जवळपास तोच. एक डॉलरचाही पार्ट न बदलता सहा दशांश! १३.९९ च्या खाली गेलं की एनएचआरएच्या नियमानं हेल्मेट सक्तीचं असतं. माझं जुनं हेल्मेट त्याच्या डोक्यावर पहिल्या फेरीपासूनच होतं म्हणून बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडीला ताकद विकत घेण्याआधी स्वतःला वीस-पंचवीस फेऱ्या द्या, आणि पहिला खर्च करायचाच तर टायरवर करा. हायवेवर धावत्या गाडीतून लावलेल्या शर्यतीत सुरुवातीची परीक्षा होतच नाही. तिथं स्लिप मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक जण घरी जिंकूनच येतो. म्हणजे, घरी आला तर.

१९५१ साली वॉली पार्क्सनी एनएचआरए काढली, ती पोरांच्या रस्त्यावरच्या शर्यती नियमांत बांधून पट्ट्यावर आणायला. एडिसनहून साधारण अर्ध्या तासावर असलेल्या इंग्लिशटाउनला असा पट्टा १९६५ पासून होता. तिथंच २००८ च्या जूनमध्ये स्कॉट कलिटासारखा मुरलेला ड्रायव्हर गेला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान गटांचं अंतर १००० फुटांवर आणलं. सगळी खबरदारी घेऊनही असं होतं, तर रात्रीच्या हायवेवर, शेजारच्या लेनमध्ये कोणाची तरी आई कामावरून परतत असताना काय होईल?

२०१८ मध्ये इंग्लिशटाउनचं ड्रॅग रेसिंग बंद झालं. आजूबाजूच्या कित्येकांना आवाज गेल्याचा आनंद झाला असेल. मला मात्र वाटतं, तो आवाज गेला नाही, रस्त्यावर आला. पट्टा लांब पडला म्हणून पोरांचं वय थांबत नाही.

असो. चिरंजीवांनी ट्यूनचा बेत सध्या पुढं ढकललाय. परवा फोन आला, "काका, या शनिवारी मोकळे आहात का? २.० च्या खाली यायचंय."

मोकळा नव्हतो. झालो.