पाणी एका रात्रीत शिळे होते का?



आपला शहापूर तालुका धरणांचा आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. भातसाही आपलीच. या धरणांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. तरी उन्हाळ्यात आपल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो, हे आपण जाणतोच.

माझा मामा लालबागला चाळीत राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे जाते. तिथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. म्हणून घरोघरी पिंप, कळशा, बादल्या भरून ठेवतात. पण दुसऱ्या दिवशी नळ आला की पुष्कळ बायामाणसे कालचे उरलेले पाणी मोरीत ओततात. का, तर म्हणे शिळे झाले!

मला हे पटत नाही. धरणातले पाणी मागच्या पावसाळ्याचे असते. ते मे महिन्यापर्यंत चालते, मग झाकलेल्या पिंपात एका रात्रीत शिळे कसे होईल? प्यायला हवे तर ताजे घ्या. पण उरलेल्या पाण्यात कपडे भिजवा, लादी पुसा, ते संडासाला वापरा. पिंप मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

आता हिशेब करू. चाळीत ४० बिऱ्हाडे धरा. प्रत्येकाने रोज १५ लिटरची एक बादली ओतली, तर दिवसाला ६०० लिटर आणि महिन्याला १८,००० लिटर पाणी गेले. म्हणजे १०,००० लिटरचे जवळजवळ दोन टँकर!

कोणी म्हणतील, "पाण्याचे बिल साऱ्या चाळीचे एकत्र येते. मी एकट्याने वाचवून काय फायदा?" पण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो. पंपाला वीज लागते. ते बिल सर्वांनाच भरावे लागते. पाणी ओतले की वीजही ओतली.

घरातल्या विजेचेही तसेच आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी लावला, तर दीड युनिटसुद्धा होत नाही. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट संपले. मुंबई शहरात बेस्टची वीज आहे. तिथे पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्यांचा जास्त. म्हणून वरचे थोडे युनिट वाचले, तरी बिलात बराच फरक पडतो.

मुंबईत वाचलेली बादली लगेच आपल्या पाड्यावर येणार नाही, हे मला कळते. त्यासाठी मोठ्या माणसांनी नळयोजना केल्या पाहिजेत. पण ज्या पाण्यासाठी आपल्या आया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, ते तिकडे मोरीत जाऊ नये, असे मला वाटते.

तर मित्रांनो, या सुट्टीत मामाकडे, काकाकडे मुंबईला गेलात की मामीला, काकूला हात जोडून सांगा, "हे पाणी आमच्या गावाकडून आले आहे. ओतू नका." आणि आपल्या शाळेचा नळ टपकताना दिसला, तर आधी तो बंद करा.