एका दिवसाची एकादशी

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा केला. उत्तम! पण दुसऱ्या दिवशी काय? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याला चालण्याचाही सण करावा लागतो, यातच सारा पराभव आला. इकडे कुहीला आसपासच्या खेड्यांतून पायी, सायकलीने शाळेत येणारी माझी पोरे हॉर्न ऐकताच मुकाट्याने चिखलात उतरतात. शहरात चालणे हा उत्सव, खेड्यात मात्र दारिद्र्य! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असले व्रत काय कामाचे? एक दिवस मोटारी अडवून पुण्य लागत नाही, महाराज. उरलेले ३६४ दिवस चालणाऱ्याला वाट द्यावी लागते.